बर्टनच्या पेल्यातला काडीचा वास

मध्य इंग्लंडमध्ये ट्रेंट नदीच्या काठी बर्टन-अपॉन-ट्रेंट नावाचं शहर आहे. तिथल्या क्रॉस स्ट्रीटवर कूपर्स टॅव्हर्न हा जुना पब. बास या नामांकित बियर कारखान्याची ही एकेकाळची जागा. मागच्या खोलीत गेलं की नेहमीचा लांबलचक काउंटर दिसत नाही. पिंपं तिथेच मांडलेली असतात आणि बियर थेट पिंपाच्या तोटीतून पेल्यात उतरते.

अशा पबात जाऊन आलेल्या दोघांना विचारून बघा. एकजण वैतागून सांगेल की बियर थंड नव्हती, फेस बेताचाच, शिवाय कसला तरी गंधकासारखा वास, आणि टेबलावर काय हवं नको ते विचारायला कोणी फिरकलंसुद्धा नाही. दुसऱ्याचे डोळे चमकतील. अशी बियर जन्मात प्यायलो नाही, म्हणेल. मला या मतभेदाचं फार अप्रूप वाटतं, कारण दोघंही खरं बोलत असतात. त्यांच्या भांडणाचं मूळ जमिनीखाली आहे, थोडं पबच्या तळघरात आणि थोडं बर्टनच्या विहिरींत.

आधी तळघरात उतरू. आपल्या ओळखीची बाटलीतली किंवा नळातली बियर बहुधा गाळलेली आणि पाश्चराइज केलेली असते. तिच्यातलं यीस्ट निघून गेलेलं किंवा मेलेलं असतं आणि नळातली तर वायूच्या दाबाने वर येते. इंग्लंडच्या पारंपरिक पबातली ‘कास्क एल’ मात्र कारखान्यातून निघते तेव्हा अर्धीमुर्धीच तयार असते. पिंपात जिवंत यीस्ट असतं आणि आंबण्याचा शेवटचा टप्पा पबच्या तळघरातच पार पडतो. पिशवीतलं दूध आणि धारोष्ण दूध यांत जेवढा फरक, तेवढा इथेही आहे.

तळघर सांभाळणाऱ्या माणसाचं काम बघण्यासारखं असतं. तो पिंप आडवं ठेवतो आणि वरच्या भोकात मऊ, सच्छिद्र लाकडाची बारीक खुंटी ठोकतो. त्याबरोबर आतला वायू फसफसत बाहेर येतो आणि खुंटीच्या टोकावर फेसाचे बुडबुडे जमतात. तो ते पुसतो, थोड्या वेळाने पुन्हा येऊन बघतो. बुडबुडे मंदावले की मऊ खुंटी काढून टणक खुंटी बसवतो, म्हणजे उरलेला वायू आतच राहतो. हे नेमकं कधी करायचं ते घड्याळ सांगत नाही. इडलीचं पीठ आलं की नाही हे घरातली जाणती बाई भांड्याकडे बघून ओळखते, तसंच हे. बियर थोडी लवकर बंद केली तर पोट फुगवते, उशीर झाला तर मिळमिळीत लागते.

गढूळपणा घालवण्याची युक्ती तर मला थक्क करते. आपल्याकडे गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची किंवा निवळीचं बी उगाळून घालायचं. इंग्लंडात पिढ्यानपिढ्या हे काम माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीने केलं. ती वाळवून, आंबट द्रावणात विरघळवून पिंपात घातली की तरंगणारं यीस्ट तिला चिकटतं आणि तळाशी बसतं. आपल्या किनाऱ्यावर घोळ माशाच्या या पिशवीला कोळी लोक ‘भोत’ म्हणतात. तिला सोन्यासारखा भाव मिळण्यामागे जी कारणं आहेत, त्यांत मद्य निवळण्याचा हा उपयोगही आहे. आता अनेक कारखाने माशाऐवजी दुसरे पदार्थ वापरतात, काही जण बियर गढूळच ठेवतात.

तळघराचं तापमान साधारण ११ ते १३ अंश सेल्सियस राखलं जातं. म्हणजे बियर ‘कोमट’ नसते, आपल्या माठातल्या पाण्यापेक्षाही ती गार असते. पण ४-५ अंशांवरच्या बियरची सवय झालेल्या जिभेला ती कोमट वाटते. बर्फगार केली असती तर माल्टचा गोडवा आणि हॉप्स या फुलांचा कडवटपणा जिभेला कळलाच नसता.

आणि मग घड्याळ सुरू होतं. जेवढी बियर बाहेर येते तेवढी हवा पिंपात शिरते. पहिल्या दिवशी ती हवा चवीला गोलाई देते, पुढे तीच चव उतरवते आणि शेवटी बियर आंबते. नेहमीच्या ‘फर्किन’ पिंपात ९ गॅलन, म्हणजे ७२ पाइंट मावतात, आणि ते तीन दिवसांत संपायला हवेत असा दंडक आहे. गजबजलेल्या पबातली बियर ताजी आणि ओस पडलेल्या पबातली शिळी, याचं कारण हेच. शुक्रवारी आलेला पाहुणा आणि सोमवारी आलेला पाहुणा एकाच पिंपाबद्दल दोन टोकांची मतं देऊ शकतात, आणि दोन्ही बरोबर असतात.

बहुतेक पबांत ही बियर तळघरातून हातपंपाने वर ओढतात. जोसेफ ब्रामा या इंग्रज संशोधकाने १७९७ मध्ये अशा पंपाचं पेटंट घेतलं. पंपाच्या तोंडाला बारीक भोकांची छोटी जाळी बसवली तर वर सायीसारखा दाट फेस येतो. उत्तर इंग्लंडात हा फेस हवाच, दक्षिणेत पेला काठोकाठ भरलेला हवा. त्यामुळे दक्षिणेचा माणूस उत्तरेत गेला की ५६८ मिलीलिटरच्या पाइंटात फेसच जास्त दिला म्हणून कुरकुरतो, आणि उत्तरेच्या माणसाला दक्षिणेतली बियर मेलेली वाटते.

टेबलावर कोणी येत नाही, कारण इथे आपण काउंटरपाशी जायचं, तिथेच पैसे द्यायचे आणि पेला हातात घेऊन बसायचं. रांग दिसत नसली तरी असते, आणि कोण आधी आलं ते काउंटरमागच्या माणसाला बहुधा पक्कं ठाऊक असतं.

राहिला तो गंधकाचा वास. बर्टनच्या जमिनीत जिप्सम आहे, प्लास्टर ऑफ पॅरिस ज्यापासून बनतं तेच. पाऊस त्यातून झिरपत विहिरींत उतरतो आणि पाण्यात सल्फेट विरघळतं. या पाण्याने हॉप्सचा कडवटपणा खुलतो, बियर लखलखीत आणि कोरडी होते. मात्र ताज्या पेल्यातून क्षणभर नुकत्याच ओढलेल्या काडीसारखा वास येतो. त्याला ‘बर्टन स्नॅच’ म्हणतात. नवखा माणूस नाक मुरडतो, आणि जाणकार मात्र त्या वासासाठीच आलेला असतो!

या पाण्याशी आपलंही नातं आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या दिवसांत लंडनच्या हॉजसन कारखान्याची फिकट बियर केप ऑफ गुड होपला वळसा घालून मुंबई, मद्रास, कलकत्त्याला येत असे. १८२२ च्या सुमारास बर्टनच्या ऑलसॉप कारखान्याने तशी बियर केली, पाठोपाठ बासने केली, आणि बर्टनच्या पाण्याने बाजी मारली. आज पुण्या-मुंबईच्या ब्रुअरीत मेन्यूवर दिसणाऱ्या ‘आयपीए’तला ‘आय’ म्हणजे इंडिया, तो या व्यापारामुळे. पुढे जगभरचे कारखाने आपल्या पाण्यात जिप्सम घालू लागले. त्या प्रक्रियेचं नावच ‘बर्टनायझेशन’ पडलं. बासचा लाल त्रिकोण १८७६ मध्ये ब्रिटनचा पहिला नोंदणीकृत ट्रेडमार्क ठरला.

इतकी नाजूक वस्तू टिकली ती हट्टी माणसांमुळे. १९६० च्या दशकात मोठ्या कंपन्यांनी वायूच्या दाबावरची, न बिघडणारी बियर सगळीकडे नेली. ती कुठेही, केव्हाही सारखीच लागे आणि तिच्याबद्दल मतभेद व्हायला फारसं कारणच नव्हतं. १९७१ मध्ये चार मित्रांनी ‘कॅमरा’ ही चळवळ सुरू केली आणि पिंपातली जिवंत बियर वाचवली. त्या चौघांचे उपकार मोठे आहेत, असं मी मनापासून मानतो.

तेव्हा कधी बर्टनला गेलात, तर पेला नाकाशी न्या आणि काडीचा वास आला तर थोडं थांबा, दोन घोट घेऊन बघा. व्हिनेगरसारखी आंबट लागली, तर मात्र पेला निःसंकोच काउंटरवर परत न्या. चांगल्या पबात तो बदलून देतात.