चिंचोक्यांची पैज

पोळा झाला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर्धा जिल्ह्याच्या बातम्यांत एक बातमी हमखास दिसते. अमुक शिवारात पत्त्यांच्या जुगारावर धाड, इतके जण ताब्यात, इतकी रोकड जप्त. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत गावोगाव तीन पत्तीचे डाव पडतात हे आपल्या वर्गातल्या मुलांनाही चांगले ठाऊक असते. जुगार वाईट, हे आपण त्यांना सांगतो. त्यात नेमके काय घडते, याचे गणित मात्र सहसा सांगत नाही. दहावीच्या पुस्तकातल्या संभाव्यतेच्या प्रकरणात ५२ पत्त्यांचा कॅट येतो. त्यातून एक पत्ता काढला तर तो राजा असण्याची संभाव्यता किती, एवढे विचारून आपण कॅट परत ठेवून देतो. खरे तर गंमत तिथून पुढे सुरू होते.

या विषयाचे आणि वर्धेच्या काठाचे नाते जुने आहे. आर्वीच्या बाजूने नदीपलीकडे, अमरावती जिल्ह्यात कौंडिण्यपूर आहे. विदर्भाची राजधानी कुंडिनपूर ती हीच, असे परंपरा सांगते. महाभारताच्या वनपर्वात फाशांवर राज्य गमावलेला नळ वेष पालटून सारथी होतो आणि ऋतुपर्ण राजाला घेऊन याच कुंडिनपुराकडे निघतो. वाटेत बेहड्याचे झाड लागते. त्याच्या दोन फांद्यांवर २०९५ फळे आहेत असे ऋतुपर्ण न मोजता सांगतो. नळ फळे मोजून पाहतो, ती तेवढीच भरतात. मग राजा त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या शिकवतो. अंदाजाने मोजण्याची विद्या आणि फाशांची विद्या कथाकाराने एकाच माणसाच्या ठायी ठेवावी, याचे संभाव्यतेच्या इतिहासकारांनाही कौतुक वाटत आले आहे. शिवाय त्या काळी फासे म्हणून वापरत ती बेहड्याचीच फळे.

आपण बेहड्याऐवजी चिंचोके घेऊ आणि तीन पत्तीपासून सुरुवात करू.

५२ पत्त्यांतून ३ पत्ते निवडण्याचे प्रकार ५२ × ५१ × ५० भागिले ६, म्हणजे २२,१०० होतात. त्यांपैकी तिन्ही पत्ते सारखे, म्हणजे ट्रेल, ५२ वेळा. एकाच रंगातले ओळीने तीन पत्ते ४८ वेळा. वेगवेगळ्या रंगांतली ओळ, म्हणजे साधा सिक्वेन्स, ७२० वेळा. नुसता कलर १,०९६ वेळा आणि जोडी ३,७४४ वेळा. उरलेल्या १६,४४० वेळा यांपैकी काहीच हाती येत नाही आणि मोठ्या पत्त्यावर निकाल लागतो. (एक्का-दुरी-तिरी आणि राणी-राजा-एक्का या दोन्ही ओळी आपण धरल्या आहेत.) हे सगळे आकडे अकरावी-बारावीच्या मुलांनी स्वतः काढून पाहावेत. बेरीज बरोबर २२,१०० यायला हवी.

इथे एक कोडे आहे. पाच पत्त्यांच्या पोकरमध्ये कलर हा सिक्वेन्सपेक्षा मोठा, तर तीन पत्तीत सिक्वेन्स कलरपेक्षा मोठा. हा रिवाजातला फरक आहे की गणितातला? गणितातलाच आहे. पाच पत्त्यांचे एकूण प्रकार २५,९८,९६०. त्यांत कलर ५,१०८ आणि सिक्वेन्स १०,२०० निघतात. पाचही पत्ते एका रंगाचे मिळणे फार कठीण, तीन मिळणे तितके नाही. जे दुर्मीळ ते मोठे, हा नियम दोन्हीकडे एकच आहे.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. 'काहीच आले नाही' असे म्हणून पत्ते टाकणारा माणूस बहुधा चुकत असतो. २२,१०० प्रकार लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडले तर बरोबर मध्य कुठे येतो? ज्या हातात राजा हा सर्वांत मोठा पत्ता आहे आणि बाकी काही नाही, तिथे! नुसता एक्का असलेला हातदेखील १२,६०० प्रकारांना, म्हणजे शंभरातल्या ५७ हातांना हरवतो.

पण कोणाला हरवतो, किती जणांना हरवतो, हे पाहिले पाहिजे. समजा आपल्याला दुऱ्यांची जोडी आली. जोडी किंवा तिच्याहून मोठे काही येण्याची शक्यता ५,६६० भागिले २२,१००, म्हणजे सुमारे २५.६ टक्के. समोर एकच गडी असेल तर त्याच्याकडे यांतले काही नसण्याची शक्यता ७४ टक्के. हात चांगला म्हणायचा. समोर चार गडी असतील तर? चौघांकडेही काही नसण्याची शक्यता सुमारे ०.७४४ चा चौथा घात, म्हणजे ३१ टक्केच. पत्ते तेच, पण दोघांत ते भारी आणि पाचांत हलके. चौघांपैकी दोघांनी पत्ते टाकले आणि उरलेले दोघे चाल वाढवत राहिले, तर हिशोब पुन्हा बदलतो. कारण जे टिकून आहेत त्यांचे पत्ते आता 'कसेही' असलेले नाहीत. त्यांच्या टिकण्यातच माहिती आहे.

आता पैजेकडे वळू. नवखा गडी स्वतःला विचारतो, 'मी जिंकेन का?' विचारायला हवे ते वेगळे आहे: 'पुढे राहण्याची किंमत किती, आणि त्या किमतीला माझी शक्यता पुरते का?' याचे स्वच्छ उदाहरण होल्डेम नावाच्या पोकरमध्ये मिळते. त्यात प्रत्येकाला दोन झाकले पत्ते मिळतात आणि सर्वांचे मिळून पाच पत्ते मध्ये उघडे मांडतात. समजा हातात दोन बदाम आहेत, मध्ये उघडलेल्या चार पत्त्यांतही दोन बदाम आहेत आणि एक पत्ता उघडायचा बाकी आहे. तोही बदाम निघाला तर पाच बदामांचा कलर होऊन आपण जिंकू, नाहीतर हरू. न दिसलेले पत्ते ४६, त्यांत बदाम ९. शक्यता साधारण पाचात एक.

मध्ये ५० चिंचोके जमले आहेत आणि पुढे राहायला आपल्याला १० द्यायचे आहेत. अशी वेळ ४६ दा आली असे समजू. सरासरी ९ वेळा ५० मिळतील, म्हणजे ४५०. उरलेल्या ३७ वेळा १० जातील, म्हणजे ३७०. एकूण ८० चिंचोक्यांचा फायदा. द्यावेत. आता मध्ये फक्त २० आहेत आणि द्यायचे तेच १०. मिळणार १८०, जाणार ३७०. तोटा १९०. पत्ते टाकावेत. दोन्ही वेळा पत्ते सारखे, शक्यता सारखी, निर्णय मात्र उलटा. सूत्रच हवे असेल तर द्यायची रक्कम भागिले (मधली रास अधिक द्यायची रक्कम). आपली शक्यता या अपूर्णांकापेक्षा जास्त असेल तरच पुढे राहावे. आधी घातलेले चिंचोके या सूत्रात कुठेही नाहीत, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे. 'इतके घातले आहेत, आता कसे सोडू' हा विचार डावात शिरला की मोठमोठी माणसे बुडतात.

हे सगळे अनुभवायला घरी किंवा शाळेत चिंचोक्यांची स्पर्धा भरवता येते. आम्ही ती अशी भरवतो. एका सतरंजीवर सहा जण, प्रत्येकाला ५० चिंचोके, म्हणजे एकूण ३००. खेळ तीन पत्तीचा. प्रत्येक डावाच्या आधी सर्वांनी एकेक चिंचोका मध्ये टाकायचा. याला 'बूट' म्हणतात. चाल बुटापासून बुटाच्या चौपटीपर्यंत. ज्याचे संपले त्याने उठायचे आणि वहीत नोंदी ठेवायच्या, कारण उसने मिळणार नाहीत. पत्ते पिसायचे काम दर डावाला पुढच्याकडे जाते. दर १५ मिनिटांनी बूट दुप्पट होतो, १, २, ४, ८, १६. ही दुप्पट ठेवली नाही तर रात्र सरेल पण खेळ सरणार नाही.

दुप्पट करण्याने आणखी काही घडते, ते पाहण्यासारखे आहे. बूट १ असताना ५० चिंचोकेवाला नुसता वाट पाहत बसला तरी ५० डाव टिकतो. जोडी किंवा तिच्याहून चांगले सरासरी चार डावांत एकदा येते, तेव्हा त्याने जरूर वाट पाहावी. साधा सिक्वेन्स किंवा त्याहून चांगले मात्र २७ डावांत एकदाच. त्यासाठी अडून बसणारा आपलाच गल्ला बुटात संपवतो. बूट १६ झाला की तोच गडी तीन डावांत उठेल. आता जोडीची वाट पाहणेही परवडत नाही, आणि राजा हाती आला तरी पुढे सरकावे लागते. धीर धरावा की धाडस करावे, याचे उत्तर स्वभावावर कमी आणि शिल्लक भागिले बूट या भागाकारावर अधिक अवलंबून आहे. सुरुवातीला दमाने खेळणारी मुले शेवटीही तशीच खेळतात आणि हळूहळू झिजत जातात. वहीतल्या नोंदींत हे स्पष्ट दिसते.

राहिली हूल. हातात काही नसताना मोठी चाल करणे ही लबाडी आहे की डावपेच? फ्रेंच गणिती बोरेल यांनी १९२१ मध्ये आणि फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये याच तऱ्हेच्या प्रश्नांतून खेळांच्या सिद्धांताचा पाया घातला. फॉन नॉयमन आणि मॉर्गेनस्टर्न यांच्या १९४४ च्या ग्रंथात पोकरवर स्वतंत्र विवेचन आहे. त्याचे मर्म तीन पत्त्यांत दाखवता येते.

सुमन आणि गणेश खेळत आहेत असे समजा. गणेशपुढे राजा उघडा. सुमनला एक्का किंवा राणी यांपैकी एक पत्ता चिठ्ठी टाकून झाकलेला मिळतो. दोघांनी एकेक चिंचोका मध्ये टाकला, रास २. सुमनने हवे तर आणखी २ लावावेत, नाहीतर पत्ते दाखवावेत. तिने लावले तर गणेशने २ देऊन पत्ता पाहावा किंवा डाव सोडावा.

सुमन सरळमार्गी असली, फक्त एक्का असताना लावत असली, तर गणेश हे ओळखून दर वेळी सोडेल. एक्क्यावर तिला १ मिळेल, राणीवर १ जाईल. हाती शून्य. ती दर वेळी लावू लागली तर गणेश दर वेळी पाहील. एक्क्यावर ३ मिळतील, राणीवर ३ जातील. पुन्हा शून्य. आता तिने एक्क्यावर नेहमी लावावे आणि राणीवर निम्म्या वेळा, तेही मनाने न ठरवता नाणे उडवून. चार डावांत सरासरी दोन एक्के, एक राणी लावलेली, एक राणी दाखवलेली. गणेशने दर वेळी सोडले तर तिला १, १, १ मिळून १ जाईल, शिल्लक २. गणेशने दर वेळी पाहिले तर ३, ३ मिळून ३ आणि १ जातील, शिल्लक पुन्हा २! गणेशने काहीही केले तरी सुमन डावामागे सरासरी अर्ध्या चिंचोक्याने पुढे. हुलीचा फायदा फसलेल्या गणेशकडूनच येतो असे नाही. हूल असू शकते म्हणूनच तिच्या एक्क्याला कोणीतरी किंमत देतो. हा खेळ वर्गात जोड्या करून ४० डाव खेळवावा. सुमनच्या जागी बसलेली मुले सरासरी २० ने पुढे राहतील. त्यात १०-१२ चा फरक नेहमीचाच. एखादी जोडी उलटाही निकाल आणील, आणि त्यावर बोलायला तास पुरणार नाही.

मग हा खेळ नशिबाचा की कौशल्याचा? महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे आणि त्यात केवळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. १९६७ साली रमीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमीत मुख्यतः कौशल्य आहे असे म्हटले आणि तीन पत्तीला निव्वळ नशिबाचा खेळ ठरवले. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांपुरता हा भेदच सोडून दिला, नशीब असो वा कौशल्य, सरसकट बंदी घातली. आमच्या मते गणिताचे उत्तर 'किती डाव खेळलात?' या प्रश्नावर अवलंबून आहे. एका संध्याकाळी नशीबच राज्य करते. २०१७ मध्ये पिट्सबर्गला लिब्राटस नावाच्या संगणक-प्रणालीने चार निष्णात पोकरपटूंना हरवले, तेव्हा नशिबाचा वाटा गाळण्यासाठी १,२०,००० डाव खेळावे लागले होते.

शेवटचा प्रयोग पोळ्याच्या फडाचा. अड्डा चालवणारा प्रत्येक डावातून आपला वाटा काढून घेतो, त्याला नाल म्हणतात. तीच चिंचोक्यांची स्पर्धा पुन्हा लावा, पण बूट १ वरच ठेवा आणि मध्ये एक वाटी ठेवा. जो डाव जिंकेल त्याने राशीतला एक चिंचोका वाटीत टाकायचा, बस. साधारण २० च्या राशीत एक म्हणजे शेकडा ५. कोणाला खटकतही नाही. शंभर डावांनंतर सतरंजीवरचे सगळे चिंचोके मोजायला सांगा. ३०० चे २०० झालेले असतात. ज्याच्यापुढे सर्वांत मोठा ढीग आहे त्याच्यासह सहाही जणांना विचारा, वाटीतले शंभर कोणाचे गेले?