औषधाआधी कुंडी बघा

घोलवड-बोर्डीच्या पट्ट्यात घराभोवती चिकूची वाडी असते, तर तलासरीच्या पाड्यांवर सारवलेल्या अंगणाच्या कडेला परसबाग. दोन्हीकडे आता रंगाच्या रिकाम्या बादल्या, तेलाचे डबे, सिमेंटच्या गोण्या आणि काळ्या ग्रो-बॅगांमध्ये टोमॅटो लावलेला दिसतो. पाऊस सरल्यावर रोपं लागतात आणि महिना-दीड महिन्यात तक्रार सुरू होते, की खालच्या पानांवर ठिपके पडलेत आणि झाड जागचं हलत नाही. लगेच पुढचा प्रश्न येतो, "काय मारू?" त्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी झाड नीट बघायला हवं. त्यासाठी एक भिंग, पांढरा कागद, काचेचा ग्लास आणि थोडी सवड पुरते.

मी सुरुवात नेहमी सर्वांत खालच्या, जुन्या पानापासून करते. तपकिरी डागात एकात एक वर्तुळं असतील आणि भोवती पिवळी कडा असेल, तर तो बहुधा अल्टरनेरिया बुरशीचा करपा. तो खालून वर चढतो. डाग बारीक, गोल, मध्ये राखाडी आणि कडेला गडद असतील, तर भिंग लावायचं. राखाडी भागात काळे ठिपके दिसले की सेप्टोरियाची शंका घ्यायची. डाग लहान, काळपट, तेलकट असतील, वर्तुळं नसतील, आणि फळावरही खरबरीत खवले आले असतील, तर तो जिवाणूंचा ठिपका असण्याची शक्यता मोठी. हा फरक ओळखणं गरजेचं आहे, कारण बुरशीचं प्रत्येक औषध जिवाणूवर चालत नाही. या तिन्ही रोगांना ओलं पान लागतं. किनाऱ्यालगतची दमट हवा, हिवाळ्यातलं पहाटेचं दव आणि संध्याकाळी पानांवरून पाणी घालण्याची सवय यांमुळे पान रात्रभर ओलं राहतं. मातीवर जोरात पडणाऱ्या पाण्याचे शिंतोडे हेच रोग खालच्या पानांवर उडवतात.

मग पान उलटं करायचं. वरून पान फिकट, बारीक टिपक्यांनी भरलेलं दिसत असेल, तर ते पांढऱ्या कागदावर झटकायचं. कागदावर पडलेले कण चालू लागले, तर ती कोळीकीड आहे, करपा नव्हे. पानात वेडीवाकडी पांढरी रेघ असेल तर नागअळी. शेंड्याची पानं लहान होऊन वर वळलेली, झाड खुजं आणि हात लावताच खालून पांढरी माशी उडते, असं असेल तर तो चुरडा-मुरडा. हा विषाणूजन्य रोग बरा होत नाही. ते झाड पिशवीत घालून काढून टाकलं तरच शेजारची वाचतात.

ठिपक्यांइतकाच पानाचा रंग बोलतो. खालचं पान सगळंच फिकट पिवळं पडलं आणि खोड बारीक राहिलं, तर नत्र कमी पडलंय. कुंडीतून दर पाण्याबरोबर नत्र वाहून जातं, जमिनीतल्या झाडापेक्षा इथे ते लवकर संपतं. जुन्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल, तर मॅग्नेशियमची उणीव. हेच चित्र शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दिसलं, तर लोहाची. पाड्यांवर चुलीची राख झाडाभोवती टाकायची पद्धत आहे. चिमूटभर चालते, पण लहान डब्यात मूठमूठ राख पडली की पालाश वाढून मॅग्नेशियम मिळेनासं होतं आणि माती अल्कधर्मी झाल्याने लोहही अडकतं. पान कडेकडून करपत आत येत असेल आणि मातीवर पांढरा थर दिसत असेल, तर तो क्षारांचा मार आहे. किनाऱ्याजवळ ज्यांच्या विहिरीचं पाणी मचूळ आहे, त्यांनी ही शक्यता आधी तपासावी.

वाढ खुंटली असेल तर आता पानं सोडून कुंडीकडे वळायचं. शेतातली चिकट माती जशीच्या तशी डब्यात भरली की वरून भेगा पडतात आणि तळाशी चिखल साचतो. एक बारीक काठी तळापर्यंत खुपसून बाहेर काढायची. काठी ओली आणि कुजका वास असेल, तर मुळांना हवा मिळत नाही. डबा सपाट फरशीवर टेकलेला असला तर तळाची भोकं असून नसल्यासारखी होतात. दोन विटांवर ठेवला की पाणी निघून जातं. डब्याचं मापही बघायचं. पंधरा-वीस लिटरपेक्षा लहान भांड्यात उंच वाढणारा टोमॅटो लवकरच मुळांनी भांडं भरून टाकतो.

चिकूच्या वाडीत आणखी एक कारण असतं, ते म्हणजे सावली. टोमॅटोला रोज किमान सहा तास थेट ऊन हवं. दाट चिकूखाली तो उंच, किरटा होतो, दोन पानांतलं अंतर वाढतं, फुलं कमी लागतात. अशा झाडाला कितीही खत घातलं तरी उपयोग नाही, जागाच बदलावी लागते.

शेवटी मूळ. अगदी मरतुकडं झालेलं एक झाड उपटून बघायला कचरू नये. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी. झाड हिरवंच असताना भर दुपारी मलूल होत असेल, तर खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात टांगायचा. कापातून दुधाळ धागे उतरले, तर ती जिवाणूजन्य मर. त्या मातीत पुन्हा टोमॅटो, वांगी, मिरची लावायची नाही.

असं खालून वर आणि वरून मुळापर्यंत बघितलं की एक गोष्ट ध्यानात येते. ठिपके आणि खुंटलेली वाढ या बहुतेक वेळा दोन तक्रारी नसतात. नत्राअभावी अशक्त झालेल्या जुन्या पानांवर करपा आधी बसतो, आणि चिखलात गुदमरलेलं मूळ नत्र उचलूच शकत नाही. अशा वेळी पानावर औषध मारून पान तात्पुरतं सावरतं, झाड तसंच राहतं.

म्हणून क्रम असा ठेवावा. डागाळलेली खालची पानं कोरड्या वेळी काढून दूर टाकावीत. पाणी सकाळी, बुंध्याशी घालावं. मातीवर भाताच्या पेंढ्याचा थर द्यावा, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. मातीत चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत मिसळावं आणि खत थोडं थोडं, पण नियमित द्यावं. पुढच्या लावणीसाठी बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा 'अर्का रक्षक' हा संकरित वाण विचारात घ्यावा. चुरडा-मुरडा, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तो प्रतिकारक आहे. एवढं करूनही करपा वर चढत राहिला, तरच औषध. तेही रोग ओळखून, लेबलावरच्या मात्रेत आणि फवारणीनंतर तोडणीपर्यंत सांगितलेले दिवस पाळून. अंगणातला टोमॅटो मुलं तोडून तिथेच खातात, हे विसरता कामा नये.

निदान जमत नसेल तर विचारायला लांब जावं लागत नाही. डहाणू तालुक्यातच कोसबाडच्या टेकडीवर कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथे नुसतं पान नेऊ नका. रोगट पान, निरोगी पान, मूठभर माती आणि शक्य असेल तर मुळासकट एक झाड न्या. आणि "काय मारू?" ऐवजी "याला काय झालंय?" असं विचारा.