ताऱ्याची सेवा आणि सदका-ए-जारिया

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. त्याच परिसरात तारा नावाचे गाव आहे. आजूबाजूला कातकरी आणि ठाकर समाजाच्या वाड्या आहेत. या गावात एका संस्थेची पाटी आहे : युसुफ मेहेरअली सेंटर. हे नाव लावणारे आणि साठ वर्षांहून अधिक काळ ते जपणारे डॉ. जी. जी. पारीख २ ऑक्टोबर २०२५ रोजी, गांधी जयंतीच्या दिवशी, गेले. वयाची शंभरी त्यांनी ओलांडली होती. रमजानच्या महिन्यात खिदमत, म्हणजे सेवा, या शब्दाची उजळणी होते. ती करताना या माणसाची आठवण अटळ आहे.

जीजींचा जन्म ३० डिसेंबर १९२४ रोजी सौराष्ट्रातल्या सुरेंद्रनगरचा. १९४२ मध्ये मुंबईत ते सेंट झेवियर्सचे विद्यार्थी होते. ‘चले जाव’ची हाक आली आणि सतरा वर्षांचा हा मुलगा वरळीच्या तात्पुरत्या तुरुंगात पोहोचला. पुढे ते डॉक्टर झाले, समाजवादी चळवळीत राहिले, ‘जनता’ या इंग्रजी साप्ताहिकाचे काम त्यांनी अनेक दशके सांभाळले. आणीबाणीत स्वतंत्र भारताचा तुरुंगही त्यांनी पाहिला. पत्नी मंगलाबेन याही स्वातंत्र्यचळवळीतल्याच. मुंबईत दवाखाना चालवून सुखात राहणे त्यांना अवघड नव्हते. पण १९६१ मध्ये त्यांनी सेंटरची स्थापना केली आणि शहरातला हा डॉक्टर ताऱ्याच्या लोकांचा झाला.

संस्थेला नाव दिले ते युसुफ मेहेरअली यांचे. आजच्या पिढीला हे नाव पुसटसेच ठाऊक असेल. १९०३ साली मुंबईच्या एका सधन खोजा घराण्यात जन्मलेले मेहेरअली १९२८ च्या ‘सायमन गो बॅक’ निदर्शनांत आघाडीवर होते. काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी ते एक. ‘क्विट इंडिया’ हे दोन शब्दही त्यांचेच मानले जातात. १९४२ मध्ये तुरुंगात असतानाच त्यांची मुंबईच्या महापौरपदी निवड झाली. १९५० च्या जुलैमध्ये, अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी, ते गेले. त्यांना पाहून घडलेल्या तरुणांत जीजी होते. मुसलमान नेत्याचे नाव म्हणून ही पाटी त्यांनी लावली नव्हती; आपल्या नेत्याचे नाव म्हणून लावली होती. हा फरक लहान वाटतो, पण माणसांच्या नावावरून त्यांचा हिशेब मांडण्याच्या आजच्या काळात तो समजून घेण्यासारखा आहे.

ताऱ्यात सुरुवात झाली आरोग्यसेवेने. पण नुसत्या औषधाने भागत नाही, हे डॉक्टरांना लवकरच उमगले असणार. उपाशी पोटाला गोळी लागू पडत नाही, आणि काम नसलेल्या घरात पोट भरत नाही. म्हणून दवाखान्यापाठोपाठ शिक्षण आले, तेलघाणी आली, साबण आणि मातीकाम आले. गांधीजींच्या ग्रामोद्योगाचा विचार असा रोजच्या मजुरीत उतरला. २००१ मध्ये कच्छ भूकंपाने उद्ध्वस्त झाले, तेव्हा संस्थेचे कार्यकर्ते तिथेही पोहोचले आणि काम उभे करून राहिले.

हदीसमध्ये एक प्रसंग येतो. मदत मागायला आलेल्या एका अन्सारी गृहस्थाला पैगंबरांनी (स.) विचारले, घरात काय आहे? एक कांबळे आणि पाणी प्यायचे एक भांडे, एवढेच होते. दोन्ही वस्तू मागवून पैगंबरांनी त्यांचा लिलाव केला. दोन दिरहम आले. एकातून घरच्यांसाठी धान्य घ्यायला सांगितले, दुसऱ्यातून कुऱ्हाड. कुऱ्हाडीला दांडा त्यांनी स्वतःच्या हाताने बसवला आणि म्हणाले, जा, लाकडे तोड आणि वीक. पंधरा दिवसांनी तो माणूस परत आला, तेव्हा त्याच्या गाठीला दहा दिरहम होते.

ताऱ्याची घाणी ही त्या कुऱ्हाडीच्याच जातीची आहे. मागणाऱ्याचा हात कमावता व्हावा, ही दृष्टी दोन्हीकडे एकच. जीजींनी ती गांधींकडून घेतली, श्रद्धावान मुसलमानाला ती हदीसमध्ये सापडते. वाटा वेगळ्या असल्या तरी पोहोचतात एकाच ओसरीवर.

रमजानमध्ये आपल्या गावोगावी जकात निघते. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीवर शेकडा अडीच, हा गरिबांचा हक्क आहे, देणाऱ्याचा उपकार नव्हे. शिधा वाटला जातो, कपडे दिले जातात, ईदच्या दिवशी प्रत्येक घरात शिरखुर्मा शिजावा म्हणून धडपड होते. ते व्हायलाच हवे. अन्सारी गृहस्थाचाही पहिला दिरहम धान्यासाठीच होता. पण दुसऱ्या दिरहमचे काय? एखाद्या विधवेला शिलाई यंत्र, एखाद्या मुलाला आयटीआयची फी, एखाद्या हातगाडीवाल्याला स्वतःची गाडी, असा विचार किती मोहल्ल्यांत होतो? पुढच्या रमजानला तेच घर पुन्हा रांगेत दिसत असेल, तर आपण त्याला फक्त धान्यच दिले, कुऱ्हाड दिली नाही.

माणूस गेल्यावर त्याच्या कर्माचे खाते बंद होते, तीन गोष्टी मात्र चालू राहतात, असे हदीस सांगते : वाहते राहणारे दान, लोकांच्या उपयोगी पडणारे ज्ञान आणि दुआ करणारी नेक संतती. पहिल्याला सदका-ए-जारिया म्हणतात. विहीर खोदणारा जातो, पाणी राहते.

जीजींनी मृत्यूनंतर देहदेखील वैद्यकीय शिक्षणासाठी दिला. मागे राहिली ती महामार्गालगतची पाटी आणि तिच्या आतले काम. आता ते काम चालू ठेवण्याची जबाबदारी जिवंत माणसांवर आहे. ताऱ्याला जाणे सगळ्यांना जमेल असे नाही. पण प्रत्येक शहराच्या वेशीबाहेर एखादे तारा असतेच. तिथे दुसरा दिरहम कोण घेऊन जाणार, एवढेच यंदाच्या इफ्तारला बसताना एकमेकांना विचारायला हवे.