छपराचं नुकसान: वादळाचं किती, वयाचं किती

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर दिवेआगरच्या आसपास जमिनीवर आलं, तेव्हा वारा ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने वाहत होता आणि मधूनच येणारे झोत त्याहूनही जोराचे होते. श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत कौलं, पत्रे, माड, पोफळी एकाच दुपारी खाली आल्या. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ कोकणाला घासून गुजरातकडे गेलं. दोन्ही वेळा गावोगाव बोलणं झालं ते पंचनाम्याचं. घराच्या विम्याचा विषय क्वचितच निघाला, कारण मुळात विमा उतरवलेली घरंच थोडी.

विमा असला, तरी पैसे मिळणं न मिळणं बहुतेक वेळा एका प्रश्नावर येऊन थांबतं: हे वादळाने मोडलं, की आधीच मोडकळीला आलं होतं? वादळ, चक्रीवादळ, पूर, वीज, दरड कोसळणं, घरावर झाड पडणं हे सारं घराच्या विम्यात धरलेलं असतं. झीज, कुजणं, वाळवी, वर्षानुवर्षं न केलेली डागडुजी धरलेली नसते. या प्रश्नाचं उत्तर छपरावरच लिहिलेलं असतं. ते वाचता आलं पाहिजे, आणि दुरुस्तीच्या घाईत पुसलं जाता कामा नये.

आधी वारा छप्पर कसं उचलतो ते पाहू. वारा छपराला नुसता ढकलत नाही, वर ओढतो. उतरत्या छपरावरून जोराची हवा सरकते तेव्हा आढ्याजवळ, पागोळीच्या कडेला आणि कोपऱ्यांवर हवेचा दाब एकदम कमी होतो. त्याच वेळी एखादं दार किंवा खिडकी उघडली गेली, तर वारा आत शिरून खालून वर दाब देतो. मंगलोरी कौल रिपेवर मागच्या नाकाने अडकलेलं असतं. त्याला जागेवर ठेवतं ते प्रामुख्याने त्याचं दोन-अडीच किलो वजन. म्हणून आधी जातात ती कडेची आणि कोपऱ्यांवरची कौलं, मग आढ्यावरचे कोने. पडवीचं छप्पर बुटकं आणि पुढून उघडं असल्यामुळे ती घराच्या आधी सुटते. वाऱ्याच्या बाजूच्या कडा उडाल्या आहेत आणि छपराचा मधला भाग शाबूत आहे, हे चित्र वादळाचं. सगळीकडे विखुरलेली, इथे एक तिथे एक फुटलेली कौलं मात्र माकडांची, नारळाची किंवा निव्वळ वयाचीही असू शकतात.

पाहणी खालून सुरू करावी. ओल्या कौलांवर चढू नये, आणि सिमेंटच्या पत्र्यावर तर कधीच पाय देऊ नये. तो तडा न दाखवताही फुटतो. मेन स्विच आधी बंद करावा. मग दिवसाउजेडी माळ्यावर जाऊन वर पाहावं. जिथून उजेडाचे ठिपके दिसतात तिथे कौल सरकलंय किंवा तडकलंय. सरकलेलं कौल हे लपलेलं नुकसान आहे: अंगणातून छप्पर अखंड दिसतं आणि पहिल्या मोठ्या पावसात खालचा वासा भिजत राहतो.

आता ताजं आणि जुनं कसं ओळखायचं? कौलाची ताजी फूट आतून स्वच्छ, भडक विटकरी दिसते; जुन्या फुटीच्या कडा काळवंडतात, शेवाळतात. नुकत्याच मोडलेल्या वाशाचं लाकूड फिकट, धाग्याधाग्यांचं असतं. जुनी मोड करडी, भुसभुशीत, आणि बऱ्याचदा तिच्यावर वाळवीच्या मातीच्या नळ्या. भिंतीवरचा ताजा ओलावा एकसारखा गडद असतो. दरवर्षीच्या गळतीला पिवळसर-तपकिरी कडांची वलयं असतात, एकात एक. विमा कंपनी पाहणीला पाठवते तो सर्व्हेअर नेमकं हेच बघतो. कुजलेला वासा वाऱ्याने मोडला असेल, तर सर्व्हेअर रक्कम कापणार हे धरून चालावं.

लोखंडी पत्र्याची खूण वेगळी. वाऱ्याने ओढलेल्या पत्र्याचं भोक बोल्टच्या डोक्यावरून फाटतं, लांबट होतं, पत्र्याची कड वर वळते. गंजून गळलेल्या भोकाची कड पातळ, तांबूस आणि चुरा होणारी असते. सिमेंटच्या पत्र्याला तडा बहुधा जे-हुकच्या भोकापासून सुटतो. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं, म्हणून त्यांचे तुकडे कोरडे झाडू नयेत की कापू नयेत. पाणी मारून उचलावेत.

स्लॅबच्या घराचं काय? स्लॅब वादळाने गळायला लागला, हे पटवणं अवघड, कारण स्लॅबची गळती ही जवळजवळ नेहमीच देखभालीची बाब असते. गच्चीवरची पत्र्याची शेड, पाण्याची टाकी, पडलेला कठडा यांचा दावा करावा. शेडचा उल्लेख पॉलिसीत आहे का, ते मात्र आधी पाहून ठेवावं.

फोटो हा पुरावा, आणि त्याला क्रम लागतो. आधी लांबून चारही बाजूंनी घर, मग छपराचा प्रत्येक भाग, मग जवळून फुटीची कड. झाड घरावर पडलं असेल तर ते तोडण्याआधी, घरावर असतानाच. त्यानंतर ताडपत्री घालावी, आणि ती घालावीच: पुढचं नुकसान टाळणं हे विमाधारकाचं कर्तव्य मानलं जातं, आणि उघड्या छपरातून चार दिवस भिजलेल्या धान्याबद्दल कंपनी प्रश्न विचारू शकते. ताडपत्री, दोऱ्या, मजुरी यांच्या पावत्या जपाव्यात. फुटलेली कौलं आणि मोडलेले वासे पाहणी होईपर्यंत परसात रचून ठेवावेत. अंगण साफ करण्याच्या उत्साहात पुरावा गडग्यापलीकडे फेकला जातो.

एक पुरावा मात्र वादळाआधीच तयार करावा लागतो. कोकणात पावसापूर्वी घर शाकारतात, म्हणजे कौलं काढून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा बसवतात. त्या दिवशी चार फोटो काढले आणि गड्याच्या मजुरीची, नव्या कौलांची नोंद ठेवली, तर घर सांभाळलेलं होतं याचा यापेक्षा चांगला दाखला नाही. माझ्या मते पॉलिसीइतकीच ही वहीही महत्त्वाची.

पॉलिसीकडे वळू. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने घरांसाठी एकाच मसुद्याची ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी लागू केली. सर्वसाधारण विम्याच्या कंपन्या ती विकतात. तिच्यात विम्याची रक्कम घराच्या बाजारभावावर ठरत नाही. चटईक्षेत्र गुणिले बांधकामाचा चालू दर, असा हिशेब असतो. जमिनीची किंमत त्यात नाही. समजा, ८०० चौरस फुटांचं घर आणि २००० रुपयांचा दर, तर १६ लाख. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. या उदाहरणात ३ लाख २० हजार. ढिगारा उपसण्याचा खर्च दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत मिळतो. आणि वादळाने उघड्या पडलेल्या घरात सात दिवसांच्या आत चोरी झाली, तर तीही धरलेली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. कौलांच्या जागी स्लॅब घातला तर वाढीव खर्च मात्र आपला.

गृहकर्ज असेल तर बँकेत विचारावं. घराचा विमा बऱ्याचदा कर्जाबरोबरच उतरवलेला असतो आणि कागद फाइलमध्ये पडून असतो. पण कर्जदार गेल्यास कर्ज फेडणारी पॉलिसी वेगळी, ती आयुर्विम्याची. तिचा छपराशी संबंध नाही. मुंबईत राहून गावचं घर बंद ठेवणाऱ्यांनी रिकाम्या घराबद्दल पॉलिसीत काय लिहिलंय ते वाचून, लागल्यास कंपनीला लेखी कळवावं. आणि कोकणातलं जुनं दुखणं: घर आजोबांच्या नावावर, हिस्सेदार सात. विमा घेणाऱ्याचा घरात हितसंबंध दाखवावा लागतो, म्हणून घरपट्टीची नोंद आणि वारसांची नावं शांत हवामानातच लावून घ्यावीत.

नुकसान झालं की त्याच दिवशी कंपनीला कळवून दाव्याचा क्रमांक घ्यावा. अर्जासोबत फोटो, घरपट्टीची पावती, सुताराचं आणि गवंड्याचं सह्यानिशी अंदाजपत्रक, शक्य तर पंचनाम्याची प्रत. अंदाजपत्रकात ‘छप्पर दुरुस्ती’ असा एकच आकडा नको. कौलं किती, कोने किती, वासे किती फुटी, मजुरी किती, असं सुटं लिहून घ्यावं. सर्व्हेअर येईल तेव्हा घरातलं जाणतं माणूस आणि शाकारणी करणारा गडी दोघं हजर असावेत. काय बदललं होतं, कधी बदललं होतं, हे त्या गड्याइतकं कुणाला सांगता येत नाही.

सरकारी मदत हा वेगळा रस्ता. तलाठी आणि ग्रामसेवक पंचनामा करतात. आपत्ती निवारण निधीच्या २०२२ ते २०२६ या काळाच्या निकषांत, निदान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये आणि सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार होते. राज्य सरकार प्रसंगी त्यात भर घालतं. साडेसहा हजारांत शे-दीडशे कौलांचा आणि मजुरीचाच मेळ कसाबसा बसेल. तरीही पंचनामा करून घ्यावाच, कारण त्या दिवशी वादळाने नुकसान केलं हे सांगणारा तो सरकारी कागद विम्यालाही उपयोगी पडतो.

कंपनीने दावा नाकारला किंवा फार कापला, तर कारण लेखी मागावं. आधी कंपनीच्याच तक्रार विभागाकडे जावं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे अर्ज करता येतो. शुल्क नाही, वकील लागत नाही. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत. अर्जाला तेच सगळं जोडायचं: शाकारणीच्या वेळचे फोटो, वादळानंतरचे फोटो, सुटं अंदाजपत्रक आणि सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत, जी कंपनीकडून मागून घ्यावी. ‘पूर्ण व अंतिम’ असं छापलेल्या पावतीवर तक्रार निकाली निघण्याआधी सही करू नये.