विश्लेषण : शेतातल्या फवारणीचा फुप्फुसातल्या बुरशीशी काय संबंध?

बुरशीचा संसर्ग म्हटलं की २०२१ मधला म्युकरमायकोसिस आठवतो. पण डॉक्टरांना चिंता वाटावी अशी आणखी एक बुरशी रोज आपल्या श्वासातून आत जाते. तिचं नाव ॲस्परजिलस फ्युमिगेटस. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये घातक बुरशींची यादी जाहीर केली, तेव्हा सर्वात गंभीर गटातल्या चार बुरशींमध्ये हिचा समावेश होता.

ही बुरशी असते कुठे?

माती, कुजलेला पालापाचोळा आणि कंपोस्ट खतात. तिचे बीजाणू अवघे २ ते ३ मायक्रॉनचे असल्याने हवेतून थेट फुप्फुसात पोहोचतात. निरोगी माणसाच्या पांढऱ्या पेशी त्यांचा बंदोबस्त करतात. मात्र रक्ताचा कर्करोग असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे रुग्ण यांच्यात ती फुप्फुसात मूळ धरते. हा आजार एकापासून दुसऱ्याला होत नाही.

मग शेतीचा संबंध कुठे येतो?

या संसर्गावर व्होरिकोनॅझोलसारखी 'ॲझोल' गटातली औषधं दिली जातात. बुरशीच्या पेशीचं आवरण ज्या एन्झाइममुळे तयार होतं, त्यालाच ती अडवतात. द्राक्षावरच्या भुरीसाठी फवारलं जाणारं टेब्युकोनॅझोल किंवा हेक्झाकोनॅझोल याच गटातलं आहे आणि त्याच पद्धतीने काम करतं. फवारणीचा नेम पिकावरच्या रोगावर असतो, पण मातीतल्या ॲस्परजिलसलाही त्याची मात्रा मिळते. त्यातून तगलेल्या बुरशीवर पुढे दवाखान्यातलं औषधही चालत नाही. म्हणूनच आयुष्यात कधीही ॲझोल न घेतलेल्या रुग्णांतही औषधाला न जुमानणारी बुरशी सापडते.

संशोधनात काय आढळलं?

असा जनुकीय बदल नेदरलँड्समध्ये प्रथम लक्षात आला. भारतात दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २०१२ मध्ये तोच बदल भातशेती, चहाचे मळे आणि कुंड्यांच्या मातीतल्या बुरशीत दाखवला. २०२२ मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या नमुन्यांच्या अभ्यासात काही रुग्णांमधली आणि बाहेरच्या वातावरणातली बुरशी जनुकीयदृष्ट्या जवळपास सारखीच निघाली.

नवं औषध आलं की प्रश्न सुटेल?

तेवढं सोपं नाही. ओलोरोफिम हे नव्या पद्धतीने काम करणारं औषध विकसित होत आहे. पण इप्फ्लुफेनोक्विन हे शेतीतलं नवं बुरशीनाशकही बुरशीच्या त्याच एन्झाइमवर घाव घालतं. प्रयोगशाळेत या बुरशीनाशकाला सरावलेली ॲस्परजिलस ओलोरोफिमलाही दाद देईनाशी झाली. म्हणजे औषध रुग्णापर्यंत पोहोचण्याआधीच बोथट होण्याचा धोका आहे.

काय करता येईल?

फवारणी बंद करणं शेतकऱ्याला परवडणारं नाही. भुरीने बाग गेली तर वर्षाची कमाई जाते. त्यामुळे बुरशीनाशकाला परवानगी देताना कृषी आणि आरोग्य यंत्रणांनी एकत्र विचार करावा, असा तज्ज्ञांचा आग्रह आहे. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी मात्र कंपोस्ट हाताळणं टाळावं.