ओटा आणि नवी शेगडी

स्वयंपाकघरांतील ओटा हा विषय निवृत्त मास्तरानें हातीं घ्यावा, याचें पुष्कळांस हसूं येईल. परंतु अमरकोशांत चुलीच्या नांवांमध्यें 'अश्मंत' असेंहि एक नांव आहे, आणि त्यांत 'अश्मन्' म्हणजे दगड हा शब्द दिसतो. मग दगडावर चूल कशी बसवावी, हा प्रश्न संस्कृतज्ञाच्या अधिकाराबाहेरचा कसा?

चूल जमिनीवर होती तोंवर रांधणारी पाटावर बसे व तिची उंची कोणी विचारीत नसे. १९५५ सालीं मुंबईंत घरगुती गॅस विक्रीस आला, कालांतरानें तो खेड्यांत पोंचला, आणि उभ्यानें स्वयंपाक करण्याची रीत सर्वत्र रूढ झाली. आतां आमच्या माळेगांव बुद्रुकमध्येंहि दगडांत बसणारी शेगडी, जिला दुकानदार 'हॉब' म्हणतात, घेण्याची हौस दिसते. ती पुसावयास सोपी व दिसावयास सुबक खरी. पण तिचा मुख्य लाभ कोणी सांगत नाहीं. ओटा बत्तीस इंच, त्यावर साधी शेगडी चार-पांच इंच, तिच्यावर वरणाचें उंच पातेलें! ठेंगण्या सासूबाईंना डाव फिरविण्यासाठीं खांदा उचलावा लागतो. तो रात्रीं दुखतो, आणि घरची मंडळी वयाला दोष देतात. हॉब दगडांत उतरला कीं भांडें तेवढें खालीं येतें.

परंतु दगड कापणें सोपें नव्हे. खांचेचे आंतले कोपरे काटकोनी ठेवल्यास तेथूनच चीर सुरू होते. ते गोल कापावे लागतात. कडाप्पा थरांचा दगड. तो ग्रॅनाइटपेक्षां लवकर तडकतो. शिवाय काळी माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत आकसते, त्यामुळें अशा जमिनीवरील ओटा पुष्कळदां एका अंगाला बसलेला असतो. तेव्हां आधीं पातळी पाहावी. कारागिराला पाणी सोडीत कापावयास सांगावें; ग्रॅनाइटची कोरडी धूळ त्याच्या फुप्फुसांस अपायकारक असते.

माझें मत विचाराल तर खांच पाडूंच नये. हॉब कांहीं वर्षांनीं बदलतो, नव्याचें माप जुन्या खांचेशीं जुळेलच असें नाहीं. त्यापेक्षां शेगडीपुरता दगड दोन सरळ कापांनीं सोडवून तोच चार-पांच इंच खालीं बसवावा. कापांखालीं दोन्हीकडे विटांचा आधार द्यावा, उभ्या फटींना दगडाची पट्टी लावावी. मग शेगडी कोणतीहि आणा. उतूं गेलेलें दूध त्या खळग्यांत सांचतें, ही अडचण खरी. पुढें किंचित् उतार ठेवल्यास तें फडक्यानें निघतें. किती इंच उतरावें, हें मात्र गवंड्यानें ठरवूं नये. रांधणारीला ओट्यापाशीं उभी करून कोपर वांकवावयास सांगावें. भांड्याची कड त्याखालींच राहिली पाहिजे. सून उंच व सासू ठेंगणी असेल तेथें वादाला जागा आहे. मी रोज अधिक वेळ उभी राहणारीचा पक्ष घेतों.

गॅस हवेपेक्षां जड; गळला तर तळाशीं सांचतो. म्हणून ओट्याखालच्या कपाटांत सिलिंडर कोंडण्याची पद्धत मला भयंकर वाटते. दारांना अगदीं खालीं झरोके हवेतच. सिलिंडर उभा व शेगडीच्या पातळीहून खालीं असावा, नळी दगडाच्या धारेवर घांसूं नये. ती पांच वर्षांनीं बदलावयाची असते. तिच्यावरील साल वाचतां येईल अशी ठेवावी. काम संपल्यावर जोडांवर साबणाचा फेंस लावून बुडबुडे येतात काय तें पाहावें. आणि काडी ओढून गळती शोधणारा कोणी शहाणा घरीं असल्यास त्यास तोंवर ओसरीवर बसवावें.