आहारातील पूरक प्रीबायोटिक तंतू आणि फलशर्करा असहिष्णुता : सुरक्षिततेचा विचार

प्रस्तावना

बिस्किटे, न्याहारीची तृणधान्ये, दही, प्रथिनचूर्णे, शिशुआहार आणि मधुमेहींसाठी बनविलेले पदार्थ यांत अलीकडे इन्युलिन, ऑलिगोफ्रुक्टोज यांसारखे तंतू मोठ्या प्रमाणावर मिसळले जातात. मोठ्या आतड्यातील उपकारक जिवाणूंच्या वाढीस पोषक ठरणाऱ्या अशा पदार्थांसाठी ग्लेन गिब्सन व मार्सेल रॉबरफ्रॉइड यांनी १९९५ मध्ये ‘प्रीबायोटिक’ ही संज्ञा मांडली. सर्वसामान्य व्यक्तीच्या दृष्टीने हे तंतू निर्धोक मानले जातात. तथापि त्यांपैकी अनेकांची रचना फलशर्करेच्या, म्हणजेच फ्रुक्टोजच्या, घटकांपासून झालेली असल्याने फलशर्करा सहन न होणाऱ्या व्यक्तींनी ते सेवन करावेत किंवा कसे, हा प्रश्न उपस्थित होतो. ‘फलशर्करा असहिष्णुता’ या एकाच नावाखाली दोन भिन्न विकार वावरतात आणि दोहोंसाठी या प्रश्नाचे उत्तर वेगवेगळे आहे. प्रस्तुत लेखात या भेदाच्या आधारे सुरक्षिततेचे विवेचन केले आहे.

एक नाव, दोन विकार

पहिला विकार अवशोषणाचा होय. लहान आतड्याच्या अस्तरातील ग्लूट-५ या वाहक प्रथिनामार्फत फलशर्करा शोषली जाते. या वाहकाची क्षमता मर्यादित असून ती व्यक्तिपरत्वे बदलते. न शोषलेली फलशर्करा मोठ्या आतड्यात पोहोचली की तेथे पाणी ओढले जाते, जिवाणू तिचे किण्वन करतात आणि पोटफुगी, वेदना, अतिसार अशी लक्षणे उद्भवतात. हा त्रास जाचक असला तरी त्यामुळे यकृत वा मूत्रपिंड यांना इजा होत नाही.

दुसरा विकार आनुवंशिक फलशर्करा असहिष्णुता हा होय. चेंबर्स व प्रॅट यांनी १९५६ मध्ये त्याची प्रथम नोंद केली. यात फलशर्करा व्यवस्थित शोषली जाते. दोष असतो तो पुढील चयापचयात. यकृत, मूत्रपिंड व लहान आतडे यांतील अल्डोलेज-बी हे विकर जनुकीय दोषामुळे निष्क्रिय असते. परिणामी फ्रुक्टोज-१-फॉस्फेट पेशींत साचते, फॉस्फेटचा व ऊर्जावाहक एटीपीचा साठा घटतो आणि यकृताची ग्लुकोज पुरविण्याची क्रिया खंडित होते. रक्तशर्करा एकाएकी उतरणे, उलट्या, कावीळ, तसेच सेवन चालू राहिल्यास यकृत व मूत्रपिंड निकामी होणे, असा हा क्रम आहे. विकार अप्रभावी जनुकाने संक्रमित होतो. युरोपात त्याचे प्रमाण साधारणतः २०,००० जन्मांमागे १ असे मानले जाते; भारतातही जनुकीय चाचणीने निश्चित झालेले रुग्ण वैद्यकीय वाङ्मयात नोंदले गेले आहेत.

अंगावरील दुधावर वाढणाऱ्या बालकात हा दोष प्रकट होत नाही, कारण दुधातील शर्करा ग्लुकोज व गॅलॅक्टोज यांची बनलेली असते. मध चाटविणे, गूळपाणी वा साखरपाणी देणे किंवा उष्टावणानंतर फळे सुरू करणे, या वेळी तो उघड होतो. जी बालके यातून वाचतात त्यांच्यात गोडाविषयी तीव्र नावड निर्माण होते. निदानाविनाच प्रौढ झालेल्या अशा व्यक्ती गोड टाळतात. त्यांचे दातही बहुधा किडलेले नसतात. गोड न लागणाऱ्या तंतुयुक्त पदार्थापासून मात्र ही नैसर्गिक नावड त्यांचे रक्षण करू शकत नाही.

तंतूंची रचना आणि पचनमार्गातील प्रवास

इन्युलिन हे प्रामुख्याने चिकोरीच्या मुळांपासून काढले जाते. त्यात फलशर्करेचे २ ते ६० घटक एका साखळीत जोडलेले असून टोकास बहुधा ग्लुकोजचा एक घटक असतो. ऑलिगोफ्रुक्टोज ही त्याचीच आखूड साखळी होय. या घटकांना जोडणारा बंध तोडणारे विकर मानवी लहान आतड्यात नाही. त्यामुळे हा तंतू बव्हंशी अखंड मोठ्या आतड्यात पोहोचतो आणि तेथील बायफिडोबॅक्टेरिया आदी जिवाणू त्याचे लघुशृंखल मेदाम्लांत रूपांतर करतात. लहान आतड्याचे टोक शस्त्रक्रियेने पोटावर उघडलेल्या रुग्णांवरील अभ्यासांत सेवन केलेल्या इन्युलिनपैकी सुमारे ८५ ते ९० टक्के भाग तेथपर्यंत शाबूत आढळला आहे.

या निष्कर्षावरून ‘साखळी पचत नाही, म्हणून धोका नाही’ असा युक्तिवाद केला जातो. तो सर्वांशाने ग्राह्य धरता येत नाही. उरलेल्या १० ते १५ टक्क्यांपैकी काही भाग जठरातील आम्लामुळे विघटित होऊन फलशर्करा मुक्त होण्याची शक्यता राहते. दुसरे असे की, चिकोरीपासूनच्या साध्या इन्युलिन चूर्णात सुमारे १० टक्क्यांपर्यंत ग्लुकोज, फलशर्करा व साखर मुळातच मोकळ्या स्वरूपात असू शकतात. म्हणजे १० ग्रॅम चूर्णातून १ ग्रॅमपर्यंत मुक्त शर्करा पोटात जाते. आनुवंशिक विकारात प्रौढ रुग्णाचीही दिवसभराची एकूण फलशर्करा साधारणतः १ ते २ ग्रॅमच्या आत ठेवण्याचा आहारतज्ज्ञांचा प्रयत्न असतो, हे ध्यानात घेता ही मात्रा उपेक्षणीय ठरत नाही. भाज्यांतूनही थोडी फलशर्करा येतच असते.

अवशोषण-दोषातील विचार

फ्रुक्टान वर्गातील तंतू निरोगी माणसाच्याही लहान आतड्यात पचत नाहीत. म्हणून ग्लूट-५ ची क्षमता कमी असणे हे या तंतूंमुळे होणाऱ्या त्रासाचे थेट कारण नव्हे. आधीच न शोषलेल्या फलशर्करेच्या किण्वनात तंतूंच्या किण्वनाची भर पडते आणि संवेदनशील आतड्यास ती असह्य होते. ऑस्ट्रेलियातील स्यू शेफर्ड, पीटर गिब्सन व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियंत्रित चाचणीत आतड्याचा क्षोभविकार व फलशर्करेचा अवशोषण-दोष असलेल्या २५ रुग्णांत फलशर्करा व फ्रुक्टान या दोहोंनीही लक्षणे पुन्हा उद्भवली.

येथे प्रश्न मात्रेचा आहे. आखूड साखळीचे किण्वन जलद होते व वायू लवकर निर्माण होतो. लांब साखळीचे किण्वन तुलनेने सावकाश होते. गहू, कांदा व लसूण यांतही फ्रुक्टान असल्याने पूरक तंतूची मात्रा आहारातील या पदार्थांसह मोजावी लागते. अल्प मात्रेने आरंभ करून सोसेल तितकेच घेणे, हा मार्ग या रुग्णांस खुला आहे. आनुवंशिक विकारात मात्र ‘थोडे घेऊन पाहावे’ हा सल्ला सर्वथा त्याज्य होय. २५ ते ५० ग्रॅम फलशर्करा पाजून केली जाणारी हायड्रोजन-श्वासचाचणीही त्याच कारणास्तव अशा संशयित रुग्णात करू नये; तेथे जनुकीय चाचणी हाच सुरक्षित मार्ग ठरतो.

अन्य तंतूंचा विचार

‘प्रीबायोटिक’ हे नाव रचनेचे नव्हे, तर कार्याचे द्योतक आहे. म्हणून प्रत्येक तंतू स्वतंत्रपणे तपासावा लागतो. गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइडे दुग्धशर्करेपासून बनतात. त्यांत फलशर्करा नसते. गवारीच्या बियांतील डिंक मॅनोज व गॅलॅक्टोज यांचा बनलेला असतो. प्रतिरोधी स्टार्च ग्लुकोजमय असतो. इसबगोलाचा भुसाही फलशर्करामय नाही. परंतु बाजारातील चवदार इसबगोल चूर्णांत साखर मिसळलेली असू शकते. हे तंतू आनुवंशिक विकारात तत्त्वतः अधिक योग्य ठरतात. अवशोषण-दोषात मात्र गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइडांमुळेही वायू होऊ शकतो.

याउलट दोन पदार्थांबाबत विशेष दक्षता आवश्यक आहे. लॅक्ट्युलोज हे बद्धकोष्ठतेवर व यकृतविकारजन्य मेंदूविकारावर दिले जाणारे औषध गॅलॅक्टोज व फलशर्करा यांच्या संयोगाने बनते. निदान न झालेल्या आनुवंशिक विकाराचा रुग्ण यकृतविकारासाठीच दाखल होऊ शकतो, ही बाब या संदर्भात चिंत्य आहे. पॉलिडेक्स्ट्रोज हा मुख्यतः ग्लुकोजपासून बनत असला तरी त्याच्या निर्मितीत सुमारे १० टक्के सॉर्बिटॉल वापरतात, आणि सॉर्बिटॉलचे शरीरात फलशर्करेतच रूपांतर होते.

शिशुआहार आणि वेष्टनावरील माहिती

निदान होण्यापूर्वीचा काळ सर्वाधिक धोक्याचा असल्याने शिशुआहारात फलशर्करा मिसळणे टाळावे व साखरही गरजेशिवाय वापरू नये, असे कोडेक्सच्या ७२-१९८१ या मानकात नमूद आहे. अनिदानित आनुवंशिक असहिष्णुतेमुळे जिवास होणारा धोका हेच कारण तेथे दिले आहे. युरोपीय संघात मात्र शिशुआहारात १०० मिलिलिटरमागे ०.८ ग्रॅमपर्यंत ऑलिगोसॅकराइडांचे मिश्रण चालते व त्यात दशमांश भाग लांब साखळीच्या फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइडांचा असतो. दिवसाला ८०० मिलिलिटर घेणाऱ्या बालकाच्या पोटात याप्रमाणे सुमारे ०.६४ ग्रॅम फ्रुक्टान जाते. त्यातून मुक्त होणारी फलशर्करा अत्यल्प असली तरी निदान झालेल्या बालकास असा आहार टाळून फ्रुक्टानविरहित पर्याय देणेच श्रेयस्कर होय.

भारतात २०२० च्या वेष्टन नियमांनुसार एकूण शर्करा व वरून घातलेली शर्करा यांचे प्रमाण छापणे बंधनकारक झाले. परंतु इन्युलिन ‘शर्करा’ या सदरात मोडत नाही. ते तंतूंत गणले जाते. परिणामी शर्करेचा आकडा लहान दिसूनही पदार्थ फलशर्करामय तंतूंनी युक्त असू शकतो. म्हणून पोषणमूल्यांच्या तक्त्याबरोबरच घटकांची यादी वाचणे अनिवार्य ठरते.

निष्कर्ष

पूरक तंतू सुरक्षित आहे काय, याचे उत्तर तीन प्रश्नांवर अवलंबून आहे : तो कोणत्या शर्करेचा बनला आहे, त्याची साखळी पचनमार्गात कोठे तुटते आणि त्यासोबत कोणती मुक्त शर्करा येते. अवशोषण-दोषात चुकीच्या उत्तराची किंमत काही तासांची अस्वस्थता इतकी असते. आनुवंशिक विकारात ती यकृताच्या हानीची असू शकते. यास्तव ‘फलशर्करा असहिष्णुता’ ही संज्ञा वापरताना कोणता विकार अभिप्रेत आहे, हे स्पष्ट करणे अन्नशास्त्र, गृहविज्ञान व जीवरसायनशास्त्र यांच्या अध्यापनात अगत्याचे आहे. निदान निश्चित होईपर्यंत फ्रुक्टानयुक्त तंतू वर्ज्य करणे आणि त्यानंतर वैद्य व आहारतज्ज्ञ यांच्या सल्ल्याने निवड करणे, हीच विवेकाची दिशा होय.